साधने मोजकी असताना गटाला हुरूप कशाने येतो: चढाओढीने की सहकार्याने?

प्रयोगवही

मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत चालू स्थितीतले मायक्रोस्कोप ४ आहेत आणि वर्गात मुले ४० आहेत. पाच-पाच जणांचे ८ गट केले की एका मायक्रोस्कोपवर दोन गट येतात आणि ४० मिनिटांच्या तासात प्रत्येक गटाच्या वाट्याला जेमतेम २० मिनिटे उरतात. तेवढ्या वेळात पानाचा पापुद्रा सोलून स्लाइड तयार करायची, पर्णरंध्रे शोधायची आणि आकृती काढायची. मुले कंटाळलेली दिसत होती, म्हणून गेल्या सत्रात मी चढाओढ लावली. सर्वांत आधी नीटस आकृती पूर्ण करणाऱ्या गटाचे नाव महिनाभर फळ्याच्या कोपऱ्यात राहील, असे जाहीर केले.

उत्साह वाढला, यात शंका नाही. घंटा होण्याआधीच मुले प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहू लागली. परंतु पूर्वी तास संपताना सहा गटांच्या आकृत्या पुऱ्या झालेल्या असत, त्या आता तीन-चार गटांच्याच होऊ लागल्या. याचे कारण कळायला मला दोन आठवडे लागले. आपले काम झाल्यावर उठता उठता मुले फोकसची मोठी चकती एक फेरा फिरवून ठेवत होती. बाहेरून पाहिले तर मायक्रोस्कोप जसाच्या तसा दिसतो, पण पुढच्या गटाला फोकस पहिल्यापासून शोधावा लागतो आणि नवख्या हाताला त्यात सात-आठ मिनिटे सहज जातात. हे मला एका मुलीने सांगितले. सांगताना ती असेही म्हणाली, "बाई, आम्हीही फिरवतो, कारण आमच्या आधीचे फिरवतात." तिच्या स्वरात ना लबाडी होती ना पश्चात्ताप. जे घडत होते ते तिने सरळ सांगितले.

मुले पूर्वीपेक्षा जास्त झटत होती, हे खरेच होते. त्या झटण्यातला एक हिस्सा मात्र दुसऱ्याचे काम अडवण्यात खर्च होत होता, आणि तो तसा खर्च व्हावा अशी व्यवस्था मीच केली होती. मायक्रोस्कोप कमी होते, ती टंचाई माझ्या हातातली नव्हती. फळ्यावर नाव एकाच गटाचे लागणार, ही दुसरी टंचाई मात्र मी स्वतः निर्माण केली होती. पहिल्या टंचाईवर दुसरी रचली गेली आणि त्या दोहोंमध्ये मुले सापडली.

त्यानंतर अलेक्झांडर मिंट्झ यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचे वर्णन वाचनात आले आणि त्यात मला माझाच वर्ग दिसला. अरुंद तोंडाची एक काचेची बाटली घ्यायची. तिच्यात ॲल्युमिनियमचे छोटे शंकू, प्रत्येक शंकूला एक दोरा, आणि दोऱ्याचे दुसरे टोक भोवती बसलेल्या एकेका माणसाच्या हातात. बाटलीच्या तोंडातून एका वेळी एकच शंकू बाहेर येऊ शकतो. तळातून पाणी चढू लागते आणि आपला शंकू भिजण्याआधी बाहेर काढायचा असतो. सर्वांनी मिळून काम साधायचे आहे अशी मांडणी असताना शंकू एकामागून एक सुटत गेले. कोरडा शंकू काढणाऱ्याला बक्षीस आणि भिजलेला काढणाऱ्याला दंड अशी मांडणी केल्यावर मात्र शंकू पुन्हा पुन्हा तोंडाशीच अडकून बसले. बक्षीस आणि दंड दोन्ही किरकोळ नाण्यांचे होते, आणि कोणाच्या जिवाला धोका नव्हता. गर्दीत कोंडी होते ती भीतीने माणसांचे भान सुटल्यामुळे, अशी तोपर्यंतची सर्वसाधारण समजूत होती. मिंट्झ यांनी दाखवले की माणसे पूर्ण भानावर असतानाही, केवळ लाभाची विभागणी कशी केली आहे यावरून, कोंडी होऊ शकते.

माझा प्रश्न असा आहे. साधने मुळातच अपुरी असताना चढाओढीचा उपयोग कुठे होतो आणि कुठे ती घातक ठरते? शिक्षक, खेळाचे प्रशिक्षक, रुग्णालयात किंवा कारखान्यात काम करणारे, सर्वांचे अनुभव हवे आहेत आणि आक्षेपही हवे आहेत.

सरळरेषा

प्रयोगवही ताई, आपण स्वतःच्या मांडणीची चूक मोकळेपणाने सांगितली, याबद्दल आदर वाटतो. तरीही मला चढाओढीची बाजू मांडायची आहे. मी लांब अंतराच्या धावपटूंना शिकवतो आणि चढाओढीवाचून माणूस स्वतःच्या क्षमतेच्या टोकाला पोहोचत नाही, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. घड्याळाविरुद्ध एकटा धावणारा मुलगा आणि पावलाला पाऊल लावून धावणाऱ्या सोबत्याबरोबरचा तोच मुलगा, यांच्या वेळांत सहज फरक दिसतो.

हे निरीक्षण जुने आहे. नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ मध्ये सायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्याने सायकल चालवणाऱ्यांपेक्षा इतरांबरोबर किंवा इतरांविरुद्ध चालवणारे अधिक वेगवान आढळले. मग त्यांनी मुलांना मासेमारीच्या गळाची रिळे गुंडाळायला लावली, कधी एकटे आणि कधी जोडीने चढाओढीत. प्रामाणिकपणे पूर्ण निकाल सांगतो: ४० मुलांपैकी २० जण चढाओढीत वेगवान झाले, १० जणांचा वेग मंदावला आणि १० जणांत विशेष फरक पडला नाही. निम्म्या मुलांना मिळालेला हुरूप ही लहान गोष्ट नाही.

दुसरे असे की, तुटपुंजा पैसा कोणाच्या हाती द्यावा हेच जेव्हा ठाऊक नसते, तेव्हा बक्षिसासारखा दुसरा उपाय नाही. समुद्रावर रेखांश कसा ओळखावा, या प्रश्नासाठी ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये २०,००० पौंडांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले. मोठमोठे विद्वान उत्तर आकाशात शोधत होते. ते बऱ्याच अंशी साधले जॉन हॅरिसन या सुतारकामातून घड्याळाकडे वळलेल्या माणसाने. आधीच विद्वानांची समिती नेमून तिलाच सगळा पैसा दिला असता, तर हॅरिसन यांच्या वाट्याला काय आले असते?

माझ्या धावपटूंना प्रत्येकाची वाट मोकळी असते. आपल्या मुलांना वाट एकच होती. म्हणून दोष चढाओढीला न देता त्या अरुंद वाटेला द्यावा, असे मला वाटते.

वॉर्डातली

मी परिचारिका आहे. सरळरेषा यांचे शेवटचे वाक्य मला पटले आणि त्याच वाक्यामुळे लिहावेसे वाटले, कारण आमच्या कामात वाट नेहमी अरुंदच असते.

पूर्वी मी ज्या रुग्णालयात काम करत होते, तिथे सिरिंज पंपांची कायम ओढाताण असे. ठराविक वेगाने औषध शिरेत सोडणारे हे यंत्र आहे, आणि अत्यवस्थ रुग्णाला एकाच वेळी असे तीन-चार पंपही लागू शकतात. प्रत्येक वॉर्डला ठराविक पंप दिलेले होते. त्यातच कोणत्या वॉर्डचे काम सर्वांत सुरळीत चालते याचा दरमहा क्रम लागू लागला आणि तो तक्ता मेट्रनच्या खोलीबाहेर लावला जाऊ लागला.

एका रात्रीचा प्रसंग सांगते. आमच्याकडे नवा रुग्ण आला आणि एक पंप कमी पडला. मी पाच वॉर्डांना फोन केले आणि पाचही ठिकाणांहून "नाही, सगळे लागलेले आहेत" असेच उत्तर आले. शेवटी दुसऱ्या मजल्यावरची एक मदतनीस मामी मला हळूच कपड्यांच्या कपाटाशी घेऊन गेली. धुतलेल्या चादरींच्या मागे दोन पंप ठेवलेले होते. त्यांवर चिकटपट्टी लावून वॉर्डचा क्रमांक लिहिला होता आणि चार्जिंगची वायर व्यवस्थित गुंडाळून रबराने बांधली होती. त्या वॉर्डच्या सिस्टरला मी चांगली ओळखते, ती अत्यंत कष्टाळू आणि रुग्णांची काळजी करणारी बाई आहे. पहाटे आपल्याच रुग्णाला पंप लागला आणि मिळाला नाही तर काय करायचे, या धास्तीने तिने ते लपवले होते. आणि आता खरे सांगायचे तर, आमच्या वॉर्डच्या औषधांच्या खोलीतही त्या रात्री एक पंप कपाटावर पडून होता. मी तो मोजलाच नव्हता, कारण तो आमचा राखीव होता.

पुढे सर्व पंप एका मध्यवर्ती खोलीत ठेवण्याचे ठरले. हवा तेव्हा नोंद करून न्यायचा आणि काम झाल्यावर पुसून परत आणून ठेवायचा. सुरुवातीचे काही आठवडे कोणीही पंप परत करेना. मग तिथल्या तंत्रज्ञाने एक साधी गोष्ट केली. दर ड्यूटीच्या सुरुवातीला त्या खोलीत किती पंप शिल्लक आहेत, हा आकडा तो सर्व वॉर्डांना कळवू लागला. खोलीत सहा पंप आहेत हे दिसत असताना चादरींमागे सातवा दडवण्याची गरज कोणाला वाटणार? पंपांची एकूण संख्या एकानेही वाढली नव्हती.

म्हणून ताईंनी सांगितलेल्या दोन टंचाईंमध्ये मी तिसरीची भर घालते: भरवशाची टंचाई. वस्तू मागितल्यावर मिळेल हा भरवसा नसला की माणूस गरजेपेक्षा जास्त धरून ठेवतो, आणि जी वस्तू पुरली असती तीही मग अपुरी पडते.

अर्धविराम

चर्चा सहकार्याच्या बाजूला झुकण्याआधी फुकट्यांचा प्रश्न मांडतो, कारण सामूहिक श्रेय दिले की तो हमखास उभा राहतो. मी अनेक गटप्रकल्पांत काम केले आहे आणि त्यांपैकी बहुतेकांत दोघांनी राबायचे आणि पाच जणांनी नाव लावायचे, असाच प्रकार होता.

मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि १९१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ८ जणांनी मिळून ओढले तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या जोराच्या निम्म्याहूनही कमी भरला. त्यातला काही भाग सर्वांचा झटका एकाच क्षणी न लागल्यामुळे वाया गेला असणार. परंतु १९७४ मध्ये ॲलन इंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून हाच प्रयोग पुन्हा केला. ओढणारा खरे तर एकटाच होता. मागचे साथीदार ओढण्याचे नुसते सोंग करत होते. तरीही, आपल्यामागे आणखी माणसे आहेत एवढ्या समजुतीनेच त्याचा जोर कमी झाला. इथे ताळमेळ चुकण्याचा प्रश्नच नव्हता.

साधने पुरेशी असतील तर एखादा फुकट्या खपून जातो. टंचाईत मात्र तो साधनही अडवतो आणि कामही करत नाही. सहकार्याचा पुरस्कार करणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे.

प्रयोगवही

अर्धविराम, हा आक्षेप मला लागू आहे. फळ्यावरचे नाव बंद केल्यावर मी "संपूर्ण वर्गाच्या आकृत्या पूर्ण झाल्या तर सर्वांना गुण" असा नियम केला होता. चकत्या फिरणे थांबले, पण प्रत्येक गटात एकच मूल मायक्रोस्कोपला डोळा लावू लागले आणि बाकीची मुले त्याच्या वहीतून आकृती उतरवू लागली. आकृत्या ८ च्या ८ पूर्ण झाल्या आणि पर्णरंध्र प्रत्यक्ष पाहिलेली मुले मात्र पूर्वीपेक्षा कमी झाली.

याच विषयातल्या पुढच्या प्रयोगांचा निष्कर्ष माझ्या उपयोगी पडतो आहे. लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी १९७९ मध्ये टाळ्या वाजवणे आणि ओरडणे यांवर प्रयोग करून गटात माणूस अंग चोरतो हे दाखवले. पण प्रत्येकाचा आवाज स्वतंत्रपणे मोजला जातो आहे असे सांगितल्यावर ती अंगचोरी थांबते, हेही त्याच मंडळींनी १९८१ मध्ये दाखवले. म्हणजे चढाओढ न लावताही प्रत्येकाचा वाटा वेगळा दिसू शकतो. मी या दोन गोष्टी एकच समजत होते.

पाणवठा

मला या धाग्यात एक ठळक उदाहरण घालायचे आहे, कारण त्यात चढाओढ आणि सहकार्य या दोहोंपेक्षा वेगळी गोष्ट दिसते, ती म्हणजे पाळी.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामायिक कुरणाची शोकांतिका मांडली. जास्तीचे जनावर सोडण्याचा लाभ एकट्याला आणि नुकसान सर्वांना, म्हणून कुरण उजाड होणारच, असा तो युक्तिवाद होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी प्रत्यक्षातली कुरणे, कालवे आणि मासेमारीची ठिकाणे यांचा अभ्यास केला, तेव्हा शेकडो वर्षे टिकलेल्या व्यवस्था त्यांना सापडल्या. या कामासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्यांच्या अभ्यासातले तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचे आलान्या हे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तिथे सुमारे १०० मच्छीमार लहान होड्यांतून जाळी टाकत. काही जागा चांगल्या आणि काही निकृष्ट असल्यामुळे चांगल्या जागांवरून हाणामाऱ्या होत आणि खर्च वाढे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेने जवळजवळ दहा वर्षे चुकत-सुधारत एक पद्धत बसवली. दर सप्टेंबरात पात्र मच्छीमारांची यादी होते. सर्व जागांची नावे लिहिली जातात आणि त्या एकमेकींपासून इतक्या अंतरावर ठरवलेल्या असतात की एका जाळ्यामुळे शेजारच्या जाळ्यातले मासे अडू नयेत. मग चिठ्ठ्या टाकतात. ज्याला जी जागा मिळेल तिथून तो सुरुवात करतो आणि सप्टेंबर ते जानेवारी रोज एक जागा पूर्वेकडे सरकतो. जानेवारीनंतर रोज एक जागा पश्चिमेकडे. माशांचा प्रवास त्या त्या काळात उलट दिशांनी होत असल्यामुळे प्रत्येकाला सारखीच संधी मिळते.

देखरेखीचा विचार केला तर ही पद्धत आणखी उलगडते. आज ज्याची पाळी उत्तम जागेवर आहे, तो पहाटेच तिथे पोहोचतो, कारण ती संधी त्याला दवडायची नसते. दुसरा कोणी तिथे आधीच जाळे टाकून बसला असेल, तर तो लगेच पकडला जातो आणि बाकीचे मच्छीमार हक्काच्या माणसाची बाजू घेतात, कारण उद्या हीच वेळ त्यांच्यावर येऊ शकते. वेगळा पहारेकरी नेमावा लागत नाही. मासा किती मिळेल हे मात्र ज्याच्या त्याच्या कौशल्यावर राहते. अर्धविराम यांच्या फुकट्याला इथे जागाच नाही, कारण पाळी मिळाली तरी जाळे त्याचे त्यालाच ओढावे लागते.

स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा १५१७ चा नियमही याच जातीचा आहे. हिवाळ्यात आपल्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडायच्या. हा नियम मोजायला सोपा आहे आणि त्यावर वाद घालणे अवघड आहे. नियम मोडणाऱ्याकडून दंड घेणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची निम्मी रक्कम स्वतःकडे ठेवता येत असे, म्हणजे त्यालाही डोळे उघडे ठेवण्यात स्वारस्य होते. केवळ सद्भावनेवर यांपैकी काहीच उभे नव्हते.

सरळरेषा

पाणवठा, आपले उदाहरण वाचल्यावर मी माझी भूमिका थोडी बदलतो. मासेमारीतलेच उलट टोकाचे उदाहरण मला आठवले.

अलास्कात हॅलिबट माशाच्या एकूण पकडीवर मर्यादा होती, पण ती कोणी पकडायची हे ठरलेले नव्हते. जो आधी पकडेल त्याचा मासा. परिणामी बोटी वाढत गेल्या, मोसम आखडत गेला आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य भागांत वर्षातून दोन-तीन वेळा २४ तासांपुरती मासेमारी खुली होऊ लागली. त्या दिवशी वादळ असले तरी बोटी निघत, कारण तो दिवस गेला की वर्ष गेले. अडकलेले गळांचे दोर समुद्रात तोडून टाकले जात, आणि सगळा मासा एकदम किनाऱ्यावर आल्यामुळे बहुतेक गोठवावा लागे. माझ्या धावपटूंइतकाच, कदाचित त्याहून जास्त, जोर त्या माणसांनी लावला असेल. समुद्रातले मासे मात्र त्या जोराने वाढणार नव्हते. १९९५ पासून प्रत्येक बोटमालकाला हिस्सा ठरवून दिला आणि मोसम सुमारे ८ महिन्यांचा झाला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ते हिस्से विकता येत असल्यामुळे ते हळूहळू कमी हातांत गेले आणि बोटींवर नोकरी करणाऱ्या अनेकांचे काम गेले. वाटणी पहिल्या दिवशी कोणाला धरून केली, हा प्रश्न पुढे कायम राहतो.

माझ्या रेखांशाच्या उदाहरणातही मी एक गोष्ट गाळली होती, ती आता नमूद करतो. हॅरिसन यांच्या घड्याळाची पारख करणाऱ्या मंडळात १७६५ पासून नेव्हिल मॅस्कलिन हे राजखगोलशास्त्रज्ञ होते आणि ते स्वतः चंद्राच्या स्थानावरून रेखांश काढण्याच्या पद्धतीचे पुरस्कर्ते होते. घड्याळ चाचणीत उतरूनही हॅरिसन यांना अनेक वर्षे झगडावे लागले आणि १७७३ मध्ये शेवटी संसदेनेच त्यांना ८,७५० पौंड दिले. पंच स्वतः शर्यतीत असेल, तर बक्षिसाने नवा माणूस पुढे येतो हा माझा युक्तिवाद लंगडा पडतो. माझ्या मैदानावर घड्याळ निःपक्षपाती असते. बहुतेक कामांच्या जागी तसे घड्याळ नसते.

निळीशाई

गटागटांतल्या चढाओढीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. अनेक संस्थांमध्ये "आतून सहकार्य, बाहेर चढाओढ" हा सुवर्णमध्य मानला जातो. तो आतल्यांना जोडतो हे खरे आहे. मात्र मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह येथील शिबिरात ११-१२ वर्षांच्या २२ मुलांवर केलेला प्रयोग पाहावा. दोन गट, सामन्यांची मालिका, विजेत्या गटाला चषक आणि प्रत्येक मुलाला चाकू, हरणाऱ्यांना काहीच नाही. काही दिवसांतच झेंडे जाळणे आणि एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालणे सुरू झाले. दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवून काहीही साधले नाही. पाण्याचा पुरवठा बंद पडला आणि टाकीकडची अडचण सर्वांनी मिळून शोधावी लागली, तेव्हा ताण उतरू लागला. अशी एकत्र कामे अनेक करावी लागली, एकाने भागले नाही. एकदा सामानाचा ट्रक सुरू होईना, तेव्हा मुलांनी तो दोर लावून ओढला. तो दोर म्हणजे रस्सीखेचीच्या सामन्यात दोन गटांनी विरुद्ध टोकांनी ओढलेलाच दोर होता.

याच्या आदल्या वर्षी शेरीफ यांनी असाच प्रयोग करून पाहिला होता आणि तो फसला होता, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्या वेळी मुलांची गटांत विभागणी होण्याआधीच मैत्री झाली होती आणि नंतर कितीही डिवचले तरी ती एकमेकांच्या जिवावर उठेनात. प्रयोगवही ताईंच्या वर्गातले गट कसे पडतात आणि दर वेळी तेच राहतात का, हे त्यामुळे विचारावेसे वाटते.

अर्धविराम

पाणवठा यांनी दंडाचा उल्लेख केला, त्याला जोडून लिहितो. एर्न्स्ट फेर आणि सिमॉन गेख्टर यांच्या २००० सालच्या प्रयोगांत सर्वांनी सामायिक निधीत पैसे घालायचे होते. काहीच नियंत्रण नसताना वर्गणी फेरीगणिक घसरत गेली. स्वतःचे पैसे खर्चून फुकट्याला दंड करण्याची मुभा दिल्यावर ती वर चढली. परंतु २००८ मध्ये जगातल्या १६ शहरांत हाच खेळ घेतला गेला, तेव्हा काही ठिकाणी जास्त वर्गणी देणाऱ्यालाच इतरांनी दंड केल्याचे दिसले. भरघोस देणाऱ्यामुळे बाकीचे उघडे पडतात, ही चीड त्यामागे असावी. म्हणून दंडाचा अधिकार वर्गातल्या मुलांच्या हाती देण्याआधी दहा वेळा विचार करावा, ही ताईंना विनंती.

प्रयोगवही

सर्वांचे मनापासून आभार. निळीशाई, गट हजेरीपटाच्या क्रमाने पडतात आणि वर्षभर तेच राहतात. हा दोष माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. येत्या सत्रापासून दर पंधरा दिवसांनी गट बदलणार आहे.

बाकीचे असे ठरवले आहे. आठ गटांना आठ वेगळ्या वनस्पतींची पाने देईन, म्हणजे कोणाची आकृती कोणाला उतरवता येणार नाही आणि शेवटच्या तुलनेच्या तक्त्यासाठी आठही आकृत्या लागतील. गटातल्या प्रत्येक मुलाने दिसलेल्या एका रंध्राचे स्वतःच्या हाताने रेखाटन करून त्याखाली सही करायची. मायक्रोस्कोपची पाळी आलान्यासारखी सरकती ठेवेन, कारण चारांपैकी एकाचे भिंग थोडे धुरकट आहे आणि ते कायम एकाच गटाच्या नशिबी येऊ नये. आणि उठण्याआधी आपला फोकस पुढच्या गटातल्या एका मुलाला दाखवायचा, त्याला दिसले की त्याने मागच्या गटाच्या वहीवर सही करायची. चढाओढ पूर्ण काढून टाकत नाही. ज्याला हवे असेल त्याने स्वतःच्या मागच्या आकृतीशी ताडून पाहावे आणि सुधारणा दिसली तर मला दाखवावी.

चकतीबद्दल सांगणाऱ्या मुलीला ही योजना आधी दाखवली. तिने विचारले, "पुढच्या गटाला दिसतच असूनही त्यांनी मुद्दाम सही केली नाही तर?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

वॉर्डातली

ताई, ड्यूटी बदलताना होणाऱ्या हँडओव्हरला आम्ही यावर एक तोड काढली होती. पंप घेणारी आणि देणारी, दोघींनी एकाच ओळीत सही करायची. घेणारीने सही केली नाही, तर तिची ड्यूटी सुरू झाल्याची नोंदच होत नसे, म्हणजे अडवून ठेवण्यात तिचाही वेळ जाई. आपल्या तासात पुढच्या गटाची २० मिनिटे त्यांच्या सहीपासूनच मोजायला लागून पाहावे.